उर्दू-हिब्रू मजकुरामागचा रंग तुटतो, सरकतो, वरची ओळ झाकतो: कारणं आणि उपाय

उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या मजकुरात एखाद्या शब्दामागे पिवळा पट्टा टाकला की ठरावीक चार तक्रारी येतात. सलग निवडलेल्या मजकुराचा पट्टा मध्येच तुटतो आणि दोन ठिकाणी दिसतो. पट्ट्यातली अक्षरं बरोबर असतात, पण शब्दांचा क्रम उलटा होतो. पट्टा ओळीच्या टोकाला दुमडत नाही, समासात घुसतो. आणि नस्तालिक लिपीत, म्हणजे उर्दूच्या तिरक्या उतरत्या वळणात, खालच्या ओळीचा रंग वरच्या ओळीच्या शेपट्या गिळून टाकतो. सॉफ्टवेअर बदललं तरी तक्रारी याच राहतात, कारण अडचण सॉफ्टवेअरच्याही आधीच्या टप्प्यावर आहे.

मुंबईत हे काम वाटतं तितकं दुर्मीळ नाही. बालभारतीची पुस्तकं उर्दूतही निघतात, पालिकेच्या उर्दू शाळा आहेत, भेंडीबाजार आणि मोहम्मद अली रोडच्या आसपास उर्दू छपाईची जुनी परंपरा आहे. हिब्रूशी मराठीचं नातं तर आणखी जवळचं: बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक ज्यू समाजासाठी वल्हांडण सणाच्या हग्गादाची (सणाच्या रात्री वाचायच्या पोथीची) हिब्रू-मराठी आवृत्ती १८४६ मध्ये मुंबईतच शिळाछापावर निघाली. शिळाछापात लिहिणारा माणूस आख्खं पान हातानं लिहायचा, त्यामुळे दोन दिशांच्या दोन लिप्या एका ओळीत बसवण्याचा निर्णय त्याच्या हातात असायचा. आपल्याकडे तो निर्णय आता संगणक घेतो, आणि रंग देताना तो निर्णय कुठल्या टप्प्यावर झाला हे माहीत नसेल तर पट्टा चुकणारच.

मराठी माणसांना उर्दू वाचायला शिकवणारी पुस्तिका किंवा मराठी भाषांतरासह हिब्रू प्रार्थनांचं पुस्तक लावताना रंग हा सजावटीचा भाग नसतो. कुठला मराठी शब्द कुठल्या उर्दू शब्दाचा अर्थ सांगतो हे नवशिक्याला त्या रंगावरूनच कळतं. पट्टा एक शब्द सरकला तर त्याला चुकीचा अर्थ शिकवला जातो. म्हणून हे नीट व्हायला हवं असा माझा आग्रह आहे.

आधी रंग काढा

दुरुस्तीची सुरुवात नेहमी इथून करा. फाइलची प्रत काढा, सगळे रंग काढून टाका, सगळा मजकूर काळा करा आणि क्रम वाचून बघा. वाचणारा माणूस ती लिपी जाणणारा हवा. शब्दांचा क्रम रंगाशिवायही चुकलेला असेल तर रंगाच्या सेटिंगमध्ये शोधून काही हाती लागणार नाही. परिच्छेदाची दिशा उजवीकडून डावीकडे ठेवली आहे का, एवढंच आधी तपासा. नुसतं उजवीकडे अलाइन करणं म्हणजे दिशा बदलणं नव्हे. ओळ उजव्या समासाला चिकटलेली दिसते, पूर्णविराम मात्र भलत्या टोकाला जातो. तसं दिसलं तर दिशा बदललेली नाही असं समजा.

पानं लावण्याच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये यासाठी परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर (ओळी जुळवणारी सोय) लावावा लागतो. साध्या कंपोजरमध्ये अक्षरं सुटी पडतात. जुन्या इनपेजमधून (उर्दू छपाईच्या सॉफ्टवेअरमधून) आलेला मजकूर असेल तर तो आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या समान संगणकीय संकेतात, नेऊन मग कामाला घ्या. जुन्या आवृत्त्यांचं एन्कोडिंग त्यांचं स्वतःचं आहे, त्यामुळे त्यांच्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तर हाती अर्थहीन चिन्हं येतात. त्यावर रंग ‘शोधा आणि बदला’ वापरून देता येत नाही.

पट्टा तुटतो तेव्हा

या तक्रारीत बहुतेकदा संगणक बरोबर असतो, आणि तरीही पान चुकीचं असतं.

युनिकोडमध्ये मजकूर वाचनाच्या क्रमाने साठवला जातो. जे आधी उच्चारलं जातं ते आधी. पडद्यावर कुठलं अक्षर कुठे बसेल हे युनिकोडचं दुहेरी दिशेचं अल्गोरिदम नंतर ठरवतं. आपण निवडतो तो साठवलेला क्रम, आपल्याला दिसतो तो मांडलेला क्रम. एका दिशेच्या मजकुरात दोन्ही जुळतात. दिशा बदलली की सलग निवडलेला मजकूर पानावर दोन तुकड्यांत पडू शकतो.

सर्वात जास्त घोळ आकड्यांचा होतो, आणि मराठी पुस्तकांत तो विशेष होतो. देवनागरी आकडे युनिकोडच्या हिशेबात अक्षरांसारखेच पक्के डावीकडून उजवीकडे जाणारे आहेत. इंग्रजी आकडे तसे नाहीत. त्यांचा दर्जा दुबळा आहे, शेजारच्या अक्षरांवरून त्यांचं वागणं बदलतं. समजा उर्दू ओळीत एक शब्द आहे आणि त्यानंतर ‘१८४६-१८७४’ असा काळ देवनागरी आकड्यांत आहे. तो शब्द आणि पहिलं साल, म्हणजे १८४६, एवढ्याला तुम्ही रंग दिलात. पानावर उजवीकडे शब्द येतो, त्याच्या डाव्या बाजूला लागून ‘१८४६-१८७४’ हा गट डावीकडून उजवीकडे असाच बसतो. म्हणजे शब्दाला चिकटलेलं साल १८७४ आणि १८४६ त्याच्या पलीकडे. रंग मिळतो शब्दाला आणि टोकाच्या १८४६ ला, मधलं १८७४ कोरं राहतं. पट्टा तुटला.

हेच आकडे इंग्रजी ठेवले तर? उर्दू अक्षरांनंतर आलेले इंग्रजी आकडे अरबी आकड्यांसारखे वागतात, आणि तेव्हा मधली छोटी आडवी रेघ दोन सालांना एकत्र बांधत नाही. त्यामुळे पहिलं साल शब्दाला लागून उजवीकडे, दुसरं त्याच्या डावीकडे. पट्टा सलग. उर्दू वाचणाऱ्यालाही हाच क्रम हवा असतो, कारण तो उजवीकडूनच वाचत येतो.

हिब्रूत पुन्हा वेगळं. हिब्रू अक्षरांनंतरचे इंग्रजी आकडे अरबी होत नाहीत, त्यामुळे छोटी रेघ त्यांना एकत्र ठेवते आणि काळ डावीकडून उजवीकडे बसतो. पण कुणी संपादनाच्या शेवटच्या फेरीत सगळ्या छोट्या रेघा बदलून लांब रेघा, म्हणजे एन-डॅश, केल्या तर हिब्रू ओळीतली सालं जागा बदलतात, कारण एन-डॅश हे अल्गोरिदमच्या दृष्टीने नुसतं तटस्थ चिन्ह आहे आणि ते ओळीच्या दिशेने जातं. देवनागरी ओळींत काहीच हलत नाही, हिब्रू ओळींत सालं उलटतात, आणि मुद्रितशोधन झालेलं असल्याने ते कुणी पुन्हा बघत नाही. रेघांचा हा बदल मुद्रितशोधनाआधी करा. नंतर करावाच लागला तर मराठी परिच्छेदशैलीपुरता मर्यादित ठेवा.

उपाय काय? एका ओळीत कुठले आकडे वापरायचे हे पुस्तकाच्या सुरुवातीलाच ठरवा: उर्दू मजकुरात उर्दू किंवा इंग्रजी आकडे, मराठी मजकुरात देवनागरी. उर्दू वाक्यात मराठी शब्द किंवा देवनागरी आकडा टाकणं भागच असेल तर त्याला आयसोलेट चिन्हांत बंद करा. युनिकोडमध्ये ही चिन्हं २०१३ पासून, ६.३ आवृत्तीपासून आहेत: डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या तुकड्याआधी क्रमांक २०६६ चं चिन्ह, संपल्यावर २०६९ चं. वेबपानावर हेच काम ‘बीडीआय’ टॅग करतो. आणि रंगाची हद्द नेहमी या बंद तुकड्याच्या बाहेरून किंवा पूर्ण आतून घाला, मधून कधीही नको. शब्द आणि साल दोघांना रंग द्यायचा असेल तर आख्खा काळ पट्ट्यात घ्या, किंवा दोन वेगळे रंग द्या. त्याच काळाचं एकच साल शब्दासकट रंगवण्याचा हट्ट धरला तर तुटलेला पट्टा हाच बरोबर पट्टा आहे.

अक्षरं नीट, शब्द उलटे

ही तक्रार बहुतेकदा लाटेक, म्हणजे टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीवरचं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांची. झीटेक या तिच्या एका इंजिनावर रंगाची चौकट करणारी साधी आज्ञा मजकूर एका आडव्या खोक्यात भरते. झीटेकची दिशा बदलण्याची पद्धत अशी आहे की बाहेरच्या परिच्छेदाची दिशा त्या खोक्याला आपोआप मिळत नाही. प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे बरोबर जुळतो, पण शब्द खोक्यात डावीकडून उजवीकडे मांडले जातात. एका शब्दाला रंग दिला तर सगळं ठीक दिसतं, दोन शब्दांना दिला की क्रम उलटतो. म्हणून चाचणी नेहमी तीन शब्दांवर घ्या. खोक्याच्या आत दिशा पुन्हा जाहीर करा, बायडी पॅकेजमध्ये त्यासाठी ‘आरएलई’ ही आज्ञा आहे. एक्सकलर पॅकेज बायडीच्या आधी घ्यायचं हेही लक्षात ठेवा.

पण खोकं हा मुळातच तात्पुरता उपाय आहे. खोकं ओळीच्या टोकाला तुटत नाही, त्यातल्या मोकळ्या जागा ताणल्या जात नाहीत, आणि लांब वाक्य समासाबाहेर जातं. काहीजण मग ‘सोल’ पॅकेजकडे वळतात. इंग्रजीत ते छान चालतं, पण ते मजकुराचे बारीक तुकडे करून एकेक मोजतं. अरबी लिपीत तुकडे केले की अक्षरांचे जोड सुटतात. जोडाक्षरांमुळे देवनागरीतही त्यावर विसंबता येत नाही.

माझा कौल लुआलाटेक या दुसऱ्या इंजिनाकडे आहे: बाबेल या भाषांच्या पॅकेजची दिशेची ‘बेसिक’ सोय, त्यावर लुआकलर आणि लुआ-यूएल ही पॅकेजं. लुआ-यूएल मजकुराला हातच लावत नाही. त्या तुकड्यावर एक अदृश्य खूण ठेवतं, अक्षरं जुळतात, ओळी तुटतात, आणि मग त्या खुणेवरून मागे पट्टा ओढला जातो. अक्षरांचे जोड शाबूत राहतात आणि पट्टा ओळीबरोबर दुमडतो. लुआकलर रंगाच्या बाबतीत हेच करतं. ‘इथून रंग चालू, इथे बंद’ अशा दोन सूचना मजकुरात सोडल्या आणि नंतर ओळ उलटली तर ‘बंद’ आधी आणि ‘चालू’ नंतर येण्याचा धोका असतो. पट्टा सोडून उरलेली ओळच रंगलेली दिसली तर याच कारणाचा संशय घ्या. रंग ही अक्षराला चिकटलेली खूण असेल तर ओळ कशीही फिरली तरी रंग त्या अक्षराबरोबरच जातो.

लावलेलं काम तपासताना तीन जागा मुद्दाम बघा: ओळीच्या टोकाला दुमडलेला पट्टा, उर्दू वाक्यात मराठी शब्द असलेला पट्टा, आणि तळटीप.

नस्तालिक

हिब्रूचं अक्षर चौकोनी, सुटं, एका रेषेवर बसणारं. खालचे स्वरचिन्हांचे ठिपके पट्ट्यात येतील एवढी खोली दिली की काम झालं. अरबीची नस्ख वळणाची लिपीही साधारण शहाण्यासारखी वागते. पण उर्दू वाचकाला नस्तालिक हवी असते, आणि तिथे आयताकृती पट्ट्याची कल्पनाच अपुरी पडते.

नस्तालिकमध्ये शब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि डावीकडे खाली उतरत जातो. शब्द जितका लांब जोडलेला, तितकं त्याचं पहिलं अक्षर वर चढतं. काफ-गाफचा तिरका फराटा त्याच्याही वर जातो. बडी ये शेवटी आली की तिची शेपटी परत उजवीकडे वळून आधीच्या अक्षरांच्या, कधी आधीच्या शब्दाच्याही, खाली जाते. संगणक पट्ट्याची रुंदी मोजतो ती अक्षराने पुढे सरकवलेल्या अंतरावरून, शाईच्या पसाऱ्यावरून नाही. त्यामुळे शाई पट्ट्याबाहेर जाणं अटळ आहे, आणि ते चुकीचंही नाही. शाई रंगाबाहेर गेली तर चालेल, रंग शाईवर चढता कामा नये. या लिपीसाठी मी हा एकच निकष लावते.

रंग शाईवर चढतो याचं कारण रंगवण्याचा क्रम. पहिल्या ओळीचा पट्टा, पहिल्या ओळीची अक्षरं, मग दुसऱ्या ओळीचा पट्टा, दुसऱ्या ओळीची अक्षरं. ब्राउझर असंच करतो, टेकही असंच करतो. नस्तालिकच्या फाँटमध्ये वर-खाली राखलेली जागा आधीच मोठी असते. नोटो नस्तालिक उर्दू हा फाँट घेऊन ब्राउझरमध्ये शब्दाला साधा पार्श्वरंग द्या आणि बघा, पट्टा केवढा उंच येतो. तो वरच्या ओळीच्या शेपट्यांवर जाऊन बसतो.

वेबपानावर दोन गोष्टी करा. ओळींमधलं अंतर वाढवा, नस्तालिकला फाँट साइझच्या दुपटीपेक्षा कमी नको. आणि सपाट पार्श्वरंगाऐवजी ग्रेडियंट वापरा: वरचा आणि खालचा भाग पारदर्शक, मधला भाग रंगीत, मध्ये कुठेही छटा न बदलता. असा पट्टा हवा तेवढा बारीक करता येतो. पट्ट्याला ‘बॉक्स-डेकोरेशन-ब्रेक’ मध्ये ‘क्लोन’ द्या, म्हणजे दुमडलेल्या प्रत्येक ओळीला दोन्ही टोकं मिळतात. टोकांची जागा डावी-उजवी अशी न लिहिता ‘इनलाइन-स्टार्ट’, ‘इनलाइन-एंड’ अशी लिहा, म्हणजे मराठी आणि उर्दू दोन्हीकडे तीच शैली चालेल. ‘मल्टिप्लाय’ ब्लेंड मोड, म्हणजे वरचा रंग खालच्यात मिसळवणं, हा पुष्कळांचा आवडता उपाय. त्याने पट्ट्याखाली आलेला बाहेरचा मजकूर दिसू लागतो, हे खरं. पण एकच पट्टा दोन ओळींवर गेला असेल तर त्याचीच दुसरी ओळ त्याच्याच पहिल्या ओळीला झाकते, कारण ब्लेंड होण्याआधी दोन्ही ओळी एकत्र रंगवल्या जातात. म्हणून आधी पट्ट्याची उंची कापा, मल्टिप्लाय नंतर.

इनडिझाइनमध्ये अक्षरामागच्या रंगासाठी अंडरलाइनच वापरली जाते: जाडी वाढवायची, ऑफसेट उणे करून रेघ अक्षरामागे आणायची, आणि ही सगळी सेटिंग कॅरेक्टर स्टाइलमध्ये बांधून ठेवायची. जाडी लीडिंगपेक्षा (ओळींमधल्या अंतरापेक्षा) कमी ठेवा. नस्तालिकसाठी लीडिंगच्या निम्म्याच्या आसपास सुरुवात करा आणि छापून बघत वाढवा. त्याच खिडकीत ओव्हरप्रिंट स्ट्रोकचा पर्याय आहे, तो चालू करा. मग पिवळा काळ्यावर आला तरी काळा कापला जात नाही. हा फरक पडद्यावर दिसण्यासाठी ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू चालू लागतो. आख्ख्या परिच्छेदाला रंग हवा असेल तर २०१५ च्या आवृत्तीपासून पॅराग्राफ शेडिंग आहे. तिथे अंडरलाइनच्या खटपटीत पडू नका.

लुआ-यूएलमध्ये पट्ट्याची उंची आणि खोली स्वतः ठरवून नवीन प्रकार बनवता येतो. नस्तालिकसाठी एक, मराठीसाठी एक, असे दोन बनवा. दोन्ही लिप्यांना एकच उंची दिली तर देवनागरीची वेलांटी कापली जाते किंवा उर्दूचा पट्टा बोजड होतो.

वर्डमध्ये हायलाइटचे पंधराच रंग मिळतात आणि उंचीवर ताबा नसतो. शेडिंगमध्ये रंग हवा तो मिळतो, उंचीचं दुखणं तेच. वर्गात वाटायच्या एका पानासाठी ठीक, पुस्तकासाठी नको.

अर्ध्या शब्दाला रंग

प्रत्यय किंवा एखादं अक्षर वेगळं दाखवण्यासाठी शिक्षक हे हमखास मागतात. नस्खमध्ये ते जमतं. ब्राउझर शब्दाच्या मध्ये रंगाची हद्द आली तरी अक्षरांचे जोड राखतो, मात्र त्या तुकड्याला बाजूची पॅडिंग किंवा बॉर्डर देऊ नका. दिलीत की जोड तुटतो. जिथे सॉफ्टवेअर जोड तोडतंच, तिथे हद्दीच्या दोन्ही बाजूंना झिरो विड्थ जॉइनर घाला. देवनागरीत अर्धं अक्षर दाखवायला आपण जे वापरतो, तेच हे चिन्ह.

नस्तालिकमध्ये मी याला सरळ नकार देते. नूरी नस्तालिकच्या परंपरेतल्या फाँटमध्ये आख्खा जोड हे एकच चित्र असतं, हजारो जोड तसे आधीच काढून ठेवलेले. त्याचा अर्धा भाग रंगवायला अर्धा भाग असा वेगळा नसतोच. जॉइनर घालून तोडलं तर दोन्ही तुकडे आपापल्या परीने खाली उतरतात आणि शब्दाचा उतार मोडतो. वाचायला शिकणाऱ्यापुढे मोडलेला शब्द ठेवणं योग्य नाही. अशा ठिकाणी आख्ख्या शब्दामागे रंग द्या आणि शेजारी तोच शब्द नस्खमध्ये, हवं ते अक्षर रंगवून दाखवा. लेखक सहसा ऐकतात, नमुना समोर ठेवला तर नक्की ऐकतात.

छापखान्यात जाण्याआधी

काळी अक्षरं फक्त काळ्या शाईची हवीत. वर्डमधून आलेल्या आरजीबी (पडद्याच्या रंगपद्धतीतल्या) काळ्याचं रूपांतर चार रंगांच्या मिश्रणात होतं, आणि प्लेट जराशी हलली की नस्तालिकच्या बारीक नुक्त्यांना (ठिपक्यांना) रंगीत सावली येते. पिवळ्या पट्ट्यावर ती लगेच दिसते. ॲक्रोबॅटच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये काळी प्लेट बंद करा: अक्षरं पूर्ण गायब व्हायला हवीत आणि पट्टे अखंड उरायला हवेत. पट्ट्यात अक्षरांच्या आकाराची पांढरी भोकं दिसली तर काळा ओव्हरप्रिंट होत नाहीये.

रंग फिके ठेवा. एका शाईचे पट्टे, नुसता पिवळा किंवा नुसता सायनचा हलका टिंट, दोन शाईंच्या मिश्रणापेक्षा स्वच्छ छापले जातात. झेरॉक्सवर निघणाऱ्या पुस्तिकेत दोन रंग एकाच करड्यात विरघळतात, तेव्हा तिथे दुसऱ्या गटाला रंगाऐवजी खाली रेघ द्या.

पीडीएफवर हायलाइट करून परत येणाऱ्या दुरुस्त्या डोळे झाकून घेऊ नका. दोन दिशांच्या ओळीत मुद्रितशोधकाने ओढलेली निवड आणि फाइलमध्ये नोंदलेला मजकूर वेगळे असू शकतात. दुरुस्तीच्या टिपणात त्याला तो शब्द टाइप करून द्यायला सांगा, आणि शक्य असेल तर उर्दूचं शेवटचं वाचन छापील पानावर करून घ्या.